जुना कॅमेरा घ्यावा की नाही

गाविलगड आणि नरनाळा या आपल्या दोन किल्ल्यांवरचं दगडातलं कोरीवकाम नीट टिपून ठेवावं, असं फार दिवस मनात होतं. मोबाइलनं काढलेला फोटो मोबाइलवर सुरेख दिसतो. तोच मोठा करून पाहिला की दगडावरचे छिन्नीचे घाव गुळगुळीत होऊन गेलेले असतात. नवा चांगला कॅमेरा आणि त्याला साजेशी लेन्स म्हणजे माझ्या खिशाबाहेरची गोष्ट. म्हणून वापरलेला, जुना कॅमेरा पाहायला लागले. अमरावतीत जयस्तंभ चौकापासून राजापेठेपर्यंत चौकशी केली, बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याच्या स्टुडिओवाल्यांकडे गेले. शेवटी निकॉन डी-९० या २००८ साली आलेल्या कॅमेऱ्यावर मन बसलं. त्या शोधात जे उमजत गेलं ते असं.

१. काय टिपायचं आहे ते आधी ठरवावं लागतं. दुकानदार मेगापिक्सेल सांगतो, ओळखीचे लोक मॉडेल सांगतात, पण तुमचे फोटो कशाचे असणार हे त्यांतलं कुणीच विचारत नाही. माझं उत्तर सरळ होतं. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावरचा गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी, कुठे उडून जात नाही. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाच्या जाळ्या आणि कमानी सकाळी असतात तशाच दुपारी असतात. तिपाई लावावी, आयएसओ २०० वर ठेवावा, ऊन तिरपं पडेपर्यंत वाट पाहावी. असल्या कामाला २००८ चा कॅमेरा अजिबात कमी पडत नाही. डी-९० चा फोटो ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचा असतो. इंचाला ३०० ठिपके धरले तरी चौदा इंच रुंदीची स्वच्छ प्रिंट निघते.

माझ्या भाच्याला मात्र मी हाच कॅमेरा घेऊ दिला नाही. त्याला मेळघाटातला रानपिंगळा टिपायचा आहे. १८८४ नंतर शंभरहून अधिक वर्षं जो कुणाला सापडला नव्हता आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला, तोच हा पक्षी. दिवसा वावरतो खरा, पण सागाच्या सावलीत, दूरच्या फांदीवर. तिथे आयएसओ चढवावाच लागतो, आणि डी-९० मध्ये १६०० च्या पुढे पिसांच्या जागी दाणे दिसायला लागतात. त्यात लांब पल्ल्याची लेन्स बॉडीच्या कितीतरी पट महाग. त्याला म्हटलं, थांब, पैसे साठव, नवीन काळाचा घे.

२. जुन्या कॅमेऱ्याचं चित्र जुनं होत नाही. सेन्सर २००८ मध्ये जे देत होता जवळपास तेच आजही देतो, हे समजलं तेव्हा मला मोठं नवल वाटलं. म्हातारं होतं ते त्याच्या भोवतालचं सगळं: बॅटरी, चार्जर, कार्ड, पकडीचं रबर, झाकणाची बिजागरी. त्यामुळे घरातल्या कपाटातून निघालेला लहान डिजिटल कॅमेरा फुकट मिळाला तरी आधी त्याचं कार्ड पाहावं. हल्ली कॉलेजच्या मुलींना असे छोटे कॅमेरे पुन्हा हवेसे झाले आहेत. पण जुन्या ऑलिंपस आणि फुजीच्या पुष्कळ मॉडेलांना एक्सडी कार्ड लागायचं. ते बनणं केव्हाच बंद झालं. निकॉनच्याच डी-७० आणि डी-२०० ला कॉम्पॅक्टफ्लॅश लागतं. डी-९० साधं एसडी कार्ड घेतो, पण ३२ जीबीपर्यंतचंच. ६४ जीबीचं कार्ड ज्या एसडीएक्ससी प्रकारातलं, तो प्रकारच या कॅमेऱ्याच्या जन्मानंतर, २००९ मध्ये जाहीर झाला. दुकानात आज मोठी कार्डं समोर मांडलेली असतात. आपण ३२ चं किंवा १६ चं मागून घ्यायचं.

बॅटरीच्या बाबतीत या कॅमेऱ्याचं नशीब बरं आहे. ईएन-ईएल३ई नावाची तीच बॅटरी डी-८०, डी-२००, डी-३०० आणि डी-७०० या चारही कॅमेऱ्यांत चालते. कॅमेऱ्यांचं घराणं मोठं असलं की एखादी तरी चांगली बॅटरी कुणाकडे निघतेच. ती फुगलेली नाही ना, हे टेबलावर सपाट ठेवून पाहावं. डोलली तर नको.

३. कॅमेरा पाहण्याआधी तो वापरणाऱ्याला बोलतं करावं. अकोल्याचे ज्यांच्याकडून मी घेतला, ते जुने स्टुडिओवाले. मी कॅमेरा उलटसुलट करत बसले होते, तर ते म्हणाले, “पाहा नं ताई आरामात, चहा येऊन राहिला. ह्याच्यानं म्या लगनं काढली, बारसे काढले, राजेश्वराची कावड काढली. आता पोरगा म्हणते मिररलेस पाह्यजे.” समोरच्या भिंतीवर श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या कावडयात्रेचा त्यांचा फोटो होता. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन आलेली माणसं, खांद्यावर कावड, मागे माणसांचा समुद्र. याच कॅमेऱ्यातला. जवळ जाऊन पाहिलं तर सावलीत दाणे होते. चार पावलं मागे आले आणि त्या फोटोत काही कमी आहे असं मनातही आलं नाही. पहिल्या मुद्द्यात मी जे लिहिलं त्याला या एका फोटोनं थोडा धक्का दिला, हेही सांगायला हवं: हात बसलेला असेल तर जुनं यंत्र आपल्या मर्यादेच्या पुढे जातं. पण तो हात बसायला त्यांना उभा जन्म लागला होता.

कॅमेरा कुठे राहिला, कशावर चालला, पडला का, कधी उघडला का, हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. एकदा बाजाच्या गर्दीत धक्का लागून खालचा कोपरा घासला होता. तो त्यांनी स्वतः बोट ठेवून दाखवला. दोष आपणहून दाखवणाऱ्याकडून घ्यावा, असं माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. याच्या आधी अमरावतीत एका ठिकाणी चकाचक पुसलेला कॅमेरा पाहिला होता. पण चालू करताच घड्याळाची खूण लुकलुकायला लागली. बॅटरीशिवाय फार दिवस पडून राहिला की डी-९० तारीख-वेळ विसरतो. “रोज वापरात आहे” हे वाक्य त्या खुणेशी जुळेना. तिथून मी उठले.

४. शटर किती वेळा पडलं हा आकडा विचारावा, पण त्याला देव मानू नये. निकॉनच्या कॅमेऱ्यात काढलेल्या प्रत्येक फोटोच्या आतल्या नोंदीत तो लिहिलेला असतो. फोटो आपल्या कार्डावर घ्यावा आणि घरी संगणकावर उघडून वाचावा. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत ही नोंद फोटोत मिळत नाही. डी-९० चं शटर एक लाखापर्यंत तपासलेलं आहे असं कंपनी सांगते. याचा अर्थ लाखाला ते मरतं असा नाही. लग्नाचा कॅमेरा ऐंशी हजारांवर असला आणि रोज हाताळलेला असला, तर पाच हजारांवर थांबून दहा वर्षं पिशवीत कोंडलेल्या कॅमेऱ्यापेक्षा मला तो बरा वाटतो. का, ते पुढच्या मुद्द्यात आहे.

५. खरा शत्रू बुरशी. आपल्याकडे हवा आठ महिने कोरडी, म्हणून वऱ्हाडात लेन्सला काही होत नाही असं मी धरून चालले होते. स्टुडिओवाल्यांनी खोलीतला दिवा मालवला, लेन्स काढली, मागून मोबाइलचा टॉर्च लावला आणि तिरपी करून डोळ्याशी धरायला सांगितलं. समोरून पाहिलं की लख्ख दिसणारी दुसरी एक लेन्स त्यांनी मुद्दाम शेजारी ठेवली होती. तिच्यात काठाजवळ पांढरे बारीक धागे पसरले होते, कोळ्यानं आत जाळं विणावं तसे. कॅमेऱ्याची पिशवी कपाटात, कपाट ओलसर भिंतीला, आणि चार महिने पावसाळा. एवढ्यावर ती वाढते. एकदा काचेवरचं आवरण तिनं खाल्लं की साफ करूनही डाग राहतात. रोज उघड्यावर, उन्हात फिरणाऱ्या लेन्सला ती सहसा धरत नाही.

माझ्या लेन्सच्या आत बुरशी नव्हती. रुईचे दोन तंतू मात्र होते. स्टुडिओवाले अकोटच्या एका जिनिंगमध्ये उद्घाटनाचे फोटो काढायला गेले होते, तेव्हा शिरले असतील, असं ते म्हणाले. आतल्या काचेवरचा असा एखादा तंतू फोटोत दिसत नाही. सेन्सरवरची धूळ दिसते. ती पाहायला एफ-१६ वर निरभ्र आभाळाचा फोटो काढायचा. काळे ठिपके आले आणि फुंकणीनं गेले, तर चिंता नको.

६. आपला उन्हाळा ही परीक्षा कंपनीनं घेतलेली नाही. माहितीपुस्तिकेत डी-९० शून्य ते ४० अंशांत वापरावा असं छापलं आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही त्यात विद्युतभार साचतो आणि दर सहा-आठ अंशांनी तो साधारण दुप्पट होतो. म्हणून डिसेंबरात स्वच्छ वाटलेल्या कॅमेऱ्यात मे महिन्यात लाल-निळे ठिपके उगवू शकतात. शक्य असेल तर कॅमेरा उन्हाळ्यात पाहावा. नसेल तर अर्धा तास चालू ठेवून अंग गरम होऊ द्यावं, लेन्सवर झाकण लावून तीस सेकंदांचा फोटो काढावा आणि तो मोठा करून पाहावा. मागचं रबर सुटलंय का तेही याच वेळी अंगठ्यानं दाबून बघावं. उन्हानं डिंक सैल होतो आणि डी-९० मध्ये अंगठ्याखालचा तुकडाच आधी उचलला जातो. गडावर जाताना मी आता कॅमेरा पांढऱ्या सुती पंच्यात गुंडाळून नेते. उभ्या गाडीत ठेवत नाही.

७. बॉडी स्वस्त मिळते, जीव लेन्समध्ये असतो. डी-९० च्या आत फोकस फिरवणारी मोटर आहे. त्यामुळे निकॉनची जुनी, स्वतःची मोटर नसलेली ५० मिलिमीटरची एफ-१.८ डी लेन्सही यावर आपोआप फोकस करते. डी-३१०० किंवा डी-५००० वर तीच लेन्स हातानं फिरवावी लागते. दिसायला नवीन आणि वर्षानं धाकटा कॅमेरा घ्यायचा मोह झाला होता, तो या एका गोष्टीनं मोडला. डी-९० बरोबर येणारी १८-१०५ लेन्स कामाची आहे, पण तिची बॉडीवर बसणारी कड प्लॅस्टिकची. ती तडकलेली नाही ना, हे नखानं चाचपून पाहावं.

८. व्हिडिओसाठी घेऊ नये. व्हिडिओ काढणारा हा पहिला डीएसएलआर, हा त्याचा मान इतिहासातला. उच्च दर्जाचा व्हिडिओ सलग पाच मिनिटांच्या पुढे चालत नाही आणि कॅमेरा फिरवला की चित्र थरथरतं. त्या कामाला खिशातला मोबाइल बरा.

९. बिल मागताना संकोच करू नये. कॅमेऱ्याच्या तळाशी क्रमांक असतो, तो बिलाशी किंवा खोक्याशी जुळवावा. चोरीचा माल नकळत हाती येणं कुणालाच नको असतं, आणि सरळ माणूस या मागणीनं रागावत नाही. बिल हरवलं असेल तर साध्या कागदावर क्रमांक, तारीख, रक्कम आणि सही घ्यावी. आमचा कागद स्टुडिओच्या लेटरहेडवर झाला.

१०. दुरुस्ती आपल्या गावात नाही, हे धरूनच किंमत करावी. घड्याळ उघडणारा माणूस अमरावतीत गल्लोगल्ली मिळेल, कॅमेरा उघडणारा शोधावा लागतो. मग नागपूर नाहीतर मुंबई. शटर बदलायचा खर्च बहुतेक वेळा अशा कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीच्या पुढे जातो. म्हणून बॅटरी, कार्ड, लेन्सची साफसफाई हे सगळं धरून जो आकडा येईल तो एका फटक्यात गेला तरी चालेल, एवढाच पैसा यात घालावा. तेवढा नसेल तर मोबाइलवर आणखी वर्षभर शिकावं. उजेड पाहायला शिकणं फुकट आहे.

माझा निकाल असा: स्थिर गोष्टी टिपायच्या असतील, स्वतः हाताळून पाहायला मिळत असेल आणि समोरचा माणूस खरं बोलत असेल, तर जुना कॅमेरा जरूर घ्या. फक्त फोटो पाहून, कुरिअरनं मागवून घेऊ नका. आणि तुमच्याच कपाटात असा एखादा पडून असेल, तर आज काढा, बॅटरी बाहेर काढून ठेवा आणि दिवाळीच्या आत एखाद्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्या. पिशवीत राहिला तर पुढच्या पावसाळ्यात त्याची लेन्स बुरशी खाईल.