पेशीतील वाहक : केआयएफ५ए

पाठीच्या कण्यातून पावलाच्या स्नायूंकडे जाणारा चेतातंतू सुमारे एक मीटर लांब असतो. त्याला लागणारी बहुतेक प्रथिने मात्र कण्यातील पेशीकायेतच तयार होतात. मग ती टोकापर्यंत पोहोचतात कशी?

हे काम कायनेसिन प्रथिने करतात. १९८५ साली रोनाल्ड व्हेल, थॉमस रीझ व मायकेल शीट्झ यांनी स्क्विड या सागरी जीवाच्या चेतातंतूचा अभ्यास करून त्यांचा शोध लावला. मानवाच्या १२व्या गुणसूत्रावरील केआयएफ५ए हे जनुक असेच एक कायनेसिन घडवते. त्याच्या एका टोकाला जणू दोन पाय असतात, तर दुसऱ्या टोकाशी ओझे जोडलेले असते. सूक्ष्मनलिकेवरून ८ नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकत ते पुढे सरकते. प्रत्येक पावलास एटीपीचा एक रेणू खर्ची पडतो.

या पायांच्या भागात दोष असल्यास पाय ताठरत जाणारा आनुवंशिक विकार जडू शकतो. शेपटाकडील काही दोषांमुळे एएलएस हा स्नायू क्षीण करणारा घातक आजार उद्भवतो. वाहतूक बिघडली, की झळ बहुधा सर्वांत लांब तंतूंना आधी पोहोचते.

विद्यार्थिमित्रहो, अडखळत चालणाऱ्याच्या व्यथेस दैवाचा कोप समजू नका. कारण शोधा, उपचाराची वाट तेथूनच सुरू होते.