ईराची झोप बिघडलेली नाही

मिरज

चि. सौ. रेवतीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता बघितला. निळ्या-हिरव्या पट्ट्या, ईराच्या प्रत्येक डुलकीची मिनिटं, आणि खाली तुझा प्रश्न: "मावशी, रात्री सलग पाच तास झोपायची गं. आता दर तासाला उठते. माझं काय चुकलं?" काहीही चुकलेलं नाही. नर्सिंगच्या मुलींना हा विषय मी वर्षानुवर्षं शिकवला, तोच तुला घरच्या भाषेत लिहिते. फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या आणि माझ्या उजव्या कानाचा संप, यात निम्मं वाहून जातं. शिवाय पत्र तुझ्या सासूबाईंनाही वाचायला देता येईल. अवश्य दे.

घरात सध्या कुणाकुणावर खापर फुटतंय ते आधी निस्तरू. १४ आठवड्यांचा डोस झाला आणि पुढच्या काही दिवसांत झोप बदलली, म्हणून पहिला आळ लशीवर. लशीचा ताप, किरकिर एक-दोन दिवसांत ओसरते. पंधरा दिवसांनी उठवायला लस येत नाही. या वयात झोप बदलायचीच असते, गाठ तेवढी पडली. दुसरा आळ तुझ्या दुधावर. तिचं वजन वाढतंय, दिवसातून सहा-सात लंगोट ओले होतात, मग दूध पुरतंय, विषय संपला. तिसरी दृष्ट. सासूबाईंना मीठ-मोहरी ओवाळायची असेल तर खुशाल ओवाळू दे, त्यांच्या जिवाला बरं वाटेल. मिरच्या जाळून तो ठसका खोलीत कोंडू नका, एवढंच. आंघोळीनंतरची धुरीही बंद करा. एवढ्याशा छातीत धूर कशाला?

आता खरं काय चाललंय ते सांगते. जन्मलेलं बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं, पण त्याला दिवस-रात्र ठाऊक नसते. शरीराला "रात्र झाली" असं सांगणारं मेलाटोनिन त्याचं स्वतःचं असं दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत नीट तयार होत नाही. तोवर काम चालतं ते आईच्या जिवावर, रात्रीच्या दुधातून थोडं मिळतं त्यावर. पहिल्या महिन्यात ईरा रात्री दोनला टक्क जागी आणि दुपारी ढोल वाजवले तरी गाढ, ते यामुळेच.

झोपेचे प्रकारही तेव्हा दोनच असतात, एक शांत आणि एक चळवळी. चळवळी झोप तू रोज बघतेस. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, भुवया आक्रसतात, मग अचानक एक हसू येतं आणि लगेच रडवेला चेहरा होतो. आपल्याकडे म्हणतात सटवाई हसवते आणि सटवाईच रडवते. शिकागोत युजीन असेरिन्स्की नावाचा विद्यार्थी आधी झोपलेल्या बाळांच्या पापण्याच न्याहाळत बसायचा. त्यातून पुढे १९५३ साली त्याने आणि त्याचे गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेत डोळे वेगाने फिरण्याचा टप्पा जगासमोर मांडला. तान्ह्या बाळाची जवळजवळ निम्मी झोप ही असली असते. त्यात ते कण्हतं, हातपाय झाडतं, एखादी किंकाळीसुद्धा फोडतं, आणि तरी झोपलेलंच असतं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमाराला मेंदू ही सगळी मांडणी बदलतो. आधी बाळ थेट चळवळी झोपेत शिरायचं, आता मोठ्यांसारखं शांत झोपेतून सुरुवात करतं. शांत झोपेचेही हलके-गाढ असे थर वेगळे पडतात. आपलं झोपेचं एक आवर्तन सुमारे दीड तासाचं असतं, तिचं अजून तासाभराच्या आतबाहेरचं आहे, आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते. रात्रीच्या एसटीत झोपलेला माणूस प्रत्येक स्टँडवर डोळा किलकिला करतो, आपलं गाव नाही हे बघतो आणि पुन्हा मान टाकतो, तसंच हे. पण चढताना खिडकीशी बसलेला माणूस डोळे उघडताच भलत्याच सीटवर निघाला, तर तो काही पुन्हा मान टाकणार नाही. ईरा तुझ्या अंगावर पिता पिता झोपते आणि पन्नास मिनिटांनी पाळण्यात डोळे उघडते. तीन महिन्यांपूर्वी तिला हा फरक कळत नव्हता. आता कळतो. पोर हुशार होतेय आणि तू रडतेयस!

हा बदल कायमचा आहे, हेही सांगून ठेवते. जुनी झोप परत येणार नाही, तिची वाट बघू नकोस. दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक मुलं नव्या झोपेत रुळतात, काहींना जास्त लागतात.

आणि एक गोष्ट ध्यानात घे, रात्रभर झोपणारं बाळसुद्धा रात्रभर झोपत नाही. थॉमस अँडर्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९७० च्या दशकात बाळांच्या रात्री कॅमेऱ्यावर टिपल्या. आया ज्यांना "सलग झोपतं" म्हणत होत्या ती बाळंही मध्ये जागी होत होती. काही इकडेतिकडे बघून, बोट चोखून आपापली झोपत, काही हाक मारत. तुझ्या त्या मैत्रिणीचं बाळ दहा तास झोपतं म्हणे, ते हाक न मारणाऱ्यांतलं असेल. किंवा मैत्रीण हाक न ऐकणाऱ्यांतली.

मग करायचं काय? थोडंच. रात्री ती कुरकुरली की लगेच दिवा लावून उचलू नकोस. अंधारातच पडून राहा आणि बघ. डोळे मिटलेले आहेत का? आवाज चढतोय की उतरतोय? मिनिटभर, दोन मिनिटं. पुष्कळदा ते चळवळी झोपेतलं कण्हणं असतं आणि आपणच तिला धड जागं करतो. आवाज चढला, डोळे उघडले, तर उचल, पाज, थोपट. या वयात रात्री एक-दोनदा भूक लागतेच, त्यात वावगं काही नाही. पण दिवा मंद, बोलणं नाही, खेळणं तर नाहीच. तिच्या बाबाला, सुमेधला सांग, तीन वाजता "अले माझी सोनुली" करायचं नाही.

दिवसातून एखादी झोप अशी असू दे की ती पूर्ण पेंगण्याआधीच खाली ठेवशील. सगळ्या नकोत, एकच. सकाळची पहिली बरी, तेव्हा तुम्ही दोघी ताज्या असता. हात छातीवर ठेव, तेच गाणं म्हण, नाही जमलं तर उचल, उद्या पुन्हा. बाकीच्या झोपांना पाजून झोपव, मांडीवर झोपव, कुणाला हिशेब द्यायचा नाही. आणि पाजून झोपवलंसच तर खाली ठेवायची घाई नको. तिची मूठ बघ. मूठ आवळलेली असेल तर झोप अजून वरवरची आहे. बोटं उघडली, कोपरातून हात उचलला तर धप्पकन पडला, की ठेव.

तुमच्या घरातली खरी अडचण मला वेगळीच दिसते. तक्त्यात ईराची शेवटची डुलकी साडेसहाला संपते, सुमेध नऊला येतो, आणि बाबांनी बघावं म्हणून तिला दहापर्यंत जागं ठेवलं जातं. समोर टीव्ही, ट्यूबलाइट, आल्यागेल्याच्या कडेवर. या वयाची मुलं दीड-दोन तास जागून थकतात, आणि फार थकलेलं मूल लवकर झोपत नाही, उलट पेटतं. आठच्या सुमाराला दिवे मंद करून तिला घेऊन आत जा. सुमेधने सकाळचा तास घ्यावा, कोवळ्या उन्हात गॅलरीत फिरवावं. सकाळचा उजेडच तिचं घड्याळ लावतो. मालिशवाल्या बाई अकराला येतात आणि नंतर ती दोन तास ढाराढूर झोपते, ते छान आहे, त्याला हात लावू नका.

पालथी पडायला लागली म्हणालीस. मग दुपट्यात घट्ट गुंडाळणं आजपासून बंद. झोपवताना पाठीवरच, सपाट आणि घट्ट गादीवर. ती स्वतः उलटली तर उलटू दे. मोहरीची उशी, लोड, गोधड्यांची तटबंदी, सगळं बाजूला. तिला वेगळ्या खोलीत झोपव असं मी सांगणार नाही, वर्षभर तरी तुमच्याच खोलीत असू दे, पण जागा तिची स्वतःची हवी. तिला घेऊन सोफ्यावर मात्र कधीही डोळा लावू नकोस. पलंगापेक्षा ते जास्त धोक्याचं.

झोपेसाठी औषध काही द्यायचं नाही. ग्राइप वॉटर नाही, सर्दीचं गुंगी आणणारं सिरप तर मुळीच नाही. मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका एके काळी तान्ह्या पोरांना अफूची बाळागोळी देऊन पाळीवर जायच्या, कारण बिचाऱ्यांना दुसरा इलाज नव्हता. तुला आहे. "संध्याकाळी नाचणीचं सत्त्व चाटवा, पोट भरून झोपेल" असं कुणी म्हणालं तर हसून हो म्हण आणि सहा महिने पुरे होईपर्यंत काही चाटवू नकोस.

तुझी २६ आठवड्यांची रजा संपेल तेव्हा ती साडेपाच महिन्यांची असेल. तू कामावर गेलीस की ती दिवसा दूध कमी घेईल आणि रात्री वसूल करेल. अनेक मुलं असंच करतात. म्हणून रुजू होण्याआधी दोन-तीन आठवडे दुपारची झोप सासूबाईंना लावू दे, त्यांच्या पद्धतीने, तू घरात असताना. पहिले काही दिवस रडेल. तू दार उघडून डोकावू नकोस.

आठ-नऊ महिन्यांना पुन्हा एक फेरा येईल. रांगायला, धरून उभं राहायला लागेल आणि रात्री पाळण्याची दांडी धरून उभी राहून रडेल, कारण बसायचं कसं ते येत नसेल. दिवसा बसायची सवय करून घ्या. तेव्हाच तिला कळेल की आई दिसेनाशी झाली तरी कुठेतरी असते, म्हणजे बोलावता येते. बुवा कुक भरपूर खेळा, त्याने थोडं सोपं जातं. बाकी तेव्हाचं तेव्हा.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं? उठवूनही नीट जागी होत नसेल, दूध ओढत नसेल, लंगोट ओले व्हायचे कमी झाले, ताप असेल, रोज घोरत असेल, किंवा झोपेत श्वास बराच वेळ थांबतोय, ओठ निळसर होताहेत असं वाटलं, तर रात्र-दिवस न बघता जा. माझ्या पत्राची आठवणही काढू नकोस.

आता तुझं. तक्त्यात तिच्या झोपेची मिनिटं आहेत, तुझी कुठेच नाहीत. तक्ता काढणारं ते ॲप आठवडाभर बंद कर. सकाळी किती वाजता उठली आणि रात्री किती वाजता झोपली, एवढंच कॅलेंडरवर लिही. रात्री नऊ ते एक सुमेध उठेल. पाजायला लागलं तर तो तुझ्याकडे आणेल, पुढचं थोपटणं त्याचं. त्याला सकाळी ऑफिस असतं हे मला माहीत आहे. तुलाही सकाळी ईरा असते. आणि ती झोपलेली असताना, सगळं शांत असतानाही तुला झोप लागत नसेल, उगाच रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर मला लगेच सांग आणि तुझ्या डॉक्टरांनाही. बाळंतपणानंतर असं होतं, त्यावर उपचार आहेत, आणि ते अंगावर काढायचं दुखणं नाही.

पुढच्या महिन्यात मी आठ दिवस येते आहे. डिंकाचे लाडू आणते. पाहुणचार नको, रात्रीची पहिली पाळी मला द्या. म्हाताऱ्या माणसाला तशीही झोप कमीच.

सासूबाईंना नमस्कार, सुमेधला आशीर्वाद, ईराला गोड पापा.

तुझी,
कुसुममावशी