कपडा बेतताना माया सोडा



शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्याकडे 'माया' म्हणतात. मूल वाढले की शिवण उसवायची, माया बाहेर काढायची आणि तोच कपडा आणखी एक वर्ष चालवायचा, ही आपल्या घराघरांतील जुनी रीत. तयार कपड्यांच्या जमान्यात ती मागे पडली. बाजारातील तयार कपड्यात शिवणीच्या आत बहुधा जेमतेम पाव-अर्धा इंच कापड असते. तो सैल करायचा म्हटले तरी करता येत नाही.

स्वतःचे आणि लहान मुलांचे कपडे घरी शिवणे परवडते का, हा प्रश्न कापडाच्या गल्ल्यावर आम्हाला नेहमी विचारला जातो. आमचे उत्तर असे की, परवडते. पण शिलाईचे पैसे वाचतात हा त्यातील लहान फायदा आहे. मोठा फायदा कपडा दुप्पट दिवस चालण्यात आहे, आणि तो मायेवर अवलंबून आहे. त्याचाच हिशेब येथे मांडत आहोत.

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर, हेदवी या किनाऱ्यावरच्या गावांचा विचार करा. चांगले कापड घ्यायचे तर शृंगारतळी, गुहागर किंवा चिपळूण गाठावे लागते. एस.टी.चे भाडे जाते आणि दिवस मोडतो. कोकणातील आपल्या अनेक घरांत कमावता माणूस आखातात किंवा मुंबईत असतो आणि येणाऱ्या ठरावीक रकमेत महिना काढण्याची जबाबदारी घरच्या बाईवर असते. अशा घरात कापड दहा सेंटिमीटरने कमी पडले तर दुसरी फेरी करावी लागते, आणि तोवर त्या ताग्याचे कापड संपलेले असते. शिवलेला कपडा पहिल्याच धुण्यात आटला तर पैसा आणि मेहनत दोन्ही वाया जातात. म्हणून ही गोष्ट बारीक असली तरी दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

काय शिवावे, काय शिवू नये

सगळेच कपडे घरी शिवावेत असे आम्ही म्हणणार नाही. तान्ह्या बाळाची झबली, टोपडी, लंगोट, मुलींचे फ्रॉक व परकर, मुलांचे कुर्ते-पायजमे, स्वतःची कमीज-सलवार, घरात घालायचे गाऊन हे कपडे सरळ शिवणीचे असतात. थोडा सराव झालेल्या बाईला ते जमतात. कॉलर-कफाचा शर्ट, जीन, होजिअरीचे आतले कपडे यांच्या मागे लागू नये. ते बाजारात स्वस्त व सफाईदार मिळतात.

तान्ह्या बाळासाठी नव्या कापडापेक्षा अनेकदा धुतलेली मऊ सुती साडी किंवा लुंगी चांगली. ती आणखी आटत नाही आणि अंगाला टोचत नाही. बाळाच्या गळ्याशी लांब नाडी किंवा सुटे होणारे बटण लावू नये. नाडी गळ्यात अडकते आणि बटण तोंडात जाते.

कापडाची पारख

आपल्या राज्यात कापडाला तोटा नाही. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला. मालेगाव आणि भिवंडी येथे तर आपले हजारो मोमीन व अन्सारी बंधू मागावर पोट भरतात. मालेगावचे बरेच कोरे कापड राजस्थानात पाली व बालोतरा येथे रंगाई-छपाईसाठी जाते आणि पॉपलीन, केंब्रिक अशा नावांनी आपल्या दुकानांत येते. हे कापड वाईट नसते, पण ते पारखून घ्यावे लागते.

पहिली परीक्षा खळीची. विरळ कापडाला जास्त खळ देऊन ते जाडजूड दाखवता येते. कापडाचा कोपरा दोन्ही हातांत घेऊन जोराने चोळा. पांढरी भुकटी पडली आणि कापड ढिले झाले तर ती खळ समजावी. मग उजेडाकडे धरून विणीची घनता पाहा.

दुसरी परीक्षा रंगाची. पांढरा रुमाल ओला करून कापडावर घासा. रुमालाला रंग लागला तर हे कापड इतर कपड्यांनाही लागणार.

तिसरी परीक्षा धाग्याची. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही तसाच येतो आणि राख मऊ पडते. पॉलिएस्टरचा धागा वितळतो आणि टोकाला कडक गोळी बनते. लहान मुलांना आणि चुलीशी किंवा शेगडीशी वावरणाऱ्या बाईला सुती कापडच द्यावे. सुती कापडही पेट घेते, तेव्हा सावधगिरी हवीच. पण वितळलेले पॉलिएस्टर कातडीला चिकटते आणि जखम खोल होते.

मोजमाप आणि हिशेब

दुकानात माप मीटरचे, शिवणाऱ्याच्या हातात टेप इंचाची आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडी वार. येथेच घोटाळा होतो. एक वार म्हणजे ३६ इंच आणि एक मीटर म्हणजे ३९.३७ इंच, हे पक्के लक्षात ठेवावे.

आता एक उदाहरण घेऊ. तीन-चार वर्षांच्या मुलाचा कुर्ता शिवायचा आहे. छाती २२ इंच, उंची २० इंच, बाहीची लांबी १३ इंच. छातीत ४ इंच ढिलाई धरली की घेर २६ इंच झाला. पुढचा व मागचा भाग प्रत्येकी १३ इंच. दोन्ही बाजूंना एकेक इंच माया धरली की प्रत्येक भाग १५ इंच रुंद झाला. उंचीत खांद्याला अर्धा इंच, खाली दुमडायला २ इंच आणि कापताना वाकडे-तिकडे झाले तर अर्धा इंच, असे मिळून २३ इंच. बाही मायेसह १५ इंच लांब व साडेदहा इंच रुंद.

कापड ३६ इंच पन्ह्याचे असेल तर दोन्ही भाग शेजारी-शेजारी बसतात आणि त्यांच्या खाली दोन्ही बाह्या. लांबी लागली २३ अधिक १५, म्हणजे ३८ इंच. बाई म्हणते, "एक मीटर द्या." हिशेबाने ते बरोबर दिसते. पण सुती कापड शेकडा ५ आटले तर त्या मीटरचे सुमारे साडेसदतीस इंचच उरतात. आता बाही कमी पडली. म्हणून १ मीटर १० सेंटिमीटर घ्यावे.

तेच कापड ४४ इंच पन्ह्याचे असेल तर दोन भागांनी ३० इंच व्यापले आणि शेजारी १४ इंचांची पट्टी उरली. त्या पट्टीत दोन्ही बाह्या एकाखाली एक बसतात. लांबी लागली ३० इंच. आटण्यासह ८५ सेंटिमीटर पुरते. गळ्याची पट्टीही उरलेल्या तुकड्यातून निघते. म्हणून नुसता मीटरचा भाव विचारू नये; आधी पन्हा विचारावा.

स्वतःसाठी ४४ पन्ह्याचे कापड घेताना कमीजला साधारण अडीच मीटर आणि सलवारीला सव्वादोन ते अडीच मीटर धरावे. अंगाने मोठे असल्यास त्याप्रमाणे वाढवावे.

कापड घरी आणल्यावर लगेच कात्री लावू नये. सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, न पिळता सावलीत वाळवावे आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी. जे आटायचे ते बेतण्यापूर्वी आटू द्यावे. बेतताना कपड्याची उंची नेहमी ताग्याच्या लांबीच्या, म्हणजे उभ्या धाग्याच्या दिशेने ठेवावी. नाहीतर धुतल्यावर कपडा पिळवटतो.

माया कोठे, किती

माया सगळीकडे सारखी सोडायची नसते. गळ्याला पाव इंच आणि मुंढ्याला अर्धा इंच पुरे. तेथे जास्त कापड राहिले तर ते टोचते आणि गोळा होते. बाजूंना एक इंच, खाली २ इंच आणि बाहीच्या टोकाला दीड इंच सोडावी. मुलींच्या परकराला व फ्रॉकला घेराजवळ आतून एक आडवी टीप घालून टक घ्यावा. पुढच्या वर्षी ती टीप उसवली की उंची वाढते.

वरच्या कुर्त्यात बाजूंची माया प्रत्येकी अर्धा इंच सोडवली तर घेर २ इंच वाढतो. खालच्या दुमडीतून दीड इंच उंची मिळते. या वयात मुलाची उंची वर्षाला साधारण ६ ते ७ सेंटिमीटर वाढते. त्यात पायांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे कुर्ता आणखी एक वर्ष सहज चालतो. उसवलेल्या जागी जुन्या दुमडीची रेघ दिसते. तिच्यावर लेस किंवा रंगीत पट्टी लावली की नवाच कपडा वाटतो.

सगळ्यांना एकच माप लावले तर काय होते, हे राज्याने नुकतेच पाहिले. २०२४-२५ या शालेय वर्षात राज्य शासनाने गणवेशाचे कापड एकत्रित घेऊन ते बचत गटांच्या महिलांकडून शिवून घेण्याची योजना आणली. गणवेश उशिरा मिळाले, मापात बसत नाहीत, अशा तक्रारी ठिकठिकाणी झाल्या आणि पुढील वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. शिवणाऱ्या भगिनींच्या हातात कसब होते. पण ज्याच्या अंगावर कपडा चढायचा ते मूल त्यांच्या समोर नव्हते. घरच्या शिलाईत मूल समोर उभे असते, हीच तिची ताकद आहे.

किनाऱ्यावरची हवा आणि मशीन

वेळणेश्वरसारख्या गावात हवा खारी आणि पावसाचे चार महिने दमट. सुई, टाचण्या आणि मशीनचे सुटे भाग लवकर गंजतात. गंजलेली सुई धागा तोडते आणि कपड्यावर डाग पाडते. पॉपलीनसारख्या कापडाला १४ नंबरची आणि जाड कापडाला १६ नंबरची सुई लावावी. टोक बोथट झाले की ती टाकून द्यावी. मशीनला मशीनचेच तेल घालावे. खोबरेल तेल घालण्याची सवय मोडावी, कारण ते घट्ट होऊन यंत्र जड करते. काम संपल्यावर फूटखाली सुक्या कापडाचा तुकडा ठेवून वर झाकण घालावे. पावसाळ्यात ओलसर कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये; बुरशीचे डाग पडतात.

खर्चाचा ताळेबंद

समजा, कापड १६० रुपये मीटर आहे. ८५ सेंटिमीटरचे १३६ रुपये झाले. धागा, बटणे धरून १६० रुपये. तसाच तयार कुर्ता समजा ३६० रुपयांना मिळतो. पहिल्या वर्षी वाचले २०० रुपये, हे शिलाईचे. दुसऱ्या वर्षी माया सोडवून तोच कुर्ता चालला तर नवा घ्यावा लागला नाही, म्हणजे आणखी ३६० रुपये वाचले, हे मायेचे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा, मग आमचे सुरुवातीचे म्हणणे पटेल.

मशीन समजा ८,००० रुपयांचे आहे. शिलाईचे २०० रुपये धरले तर ४० कपड्यांत त्याची किंमत वसूल होते. वर्षाला पाच-सहा कपडेच शिवणाऱ्या घराने त्यासाठी व्याजाच्या हप्त्यात अडकू नये. दोन-तीन घरांनी मिळून एक मशीन घ्यावे, किंवा झबली-टोपडी हाताने शिवावीत. प्रेषित मुहम्मद (स.) आपले कपडे स्वतः सांधत असत, असे हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनातून कळते. तेव्हा सुई हाती घेण्यात कोणालाही कमीपणा नाही, पुरुषालाही नाही.

दुकानदाराचे व दर्जीचे काम

घरोघरी शिवण सुरू झाली तर दर्जीचे पोट मारले जाईल, अशी भीती काही कारागीर बंधूंना वाटते. आमचा अनुभव वेगळा आहे. गिऱ्हाईक तयार कपड्यांकडे वळते तेव्हा कापडवाला आणि दर्जी दोघांचेही जाते. घरी शिवणारी बाई मात्र कापड घेते, अस्तर घेते, आणि गळा कापून घ्यायला, काजे करायला, इंटरलॉक मारायला दर्जीकडेच येते. दर्जी बंधूंनी नुसते बेतून देण्याचा आणि काजे-इंटरलॉकचा वेगळा दर ठरवून तो दुकानात लावावा. केंद्र शासनाच्या १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत दर्जीकामाचा समावेश आहे. तीत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते आणि ती परत करावी लागत नाही. कर्जाचा भाग वेगळा असून त्यावर शेकडा ५ व्याज आहे. दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊन मगच अर्ज करावा.

दुकानदार बंधूंनी तीन गोष्टी कराव्यात. पावतीवर पन्हा लिहावा. कापड सुती की मिश्र, आणि धुतल्यावर आटेल का, हे न विचारता सांगावे. ताग्यातून उरलेले मीटर-पाऊण मीटरचे तुकडे लहान मुलांच्या कपड्यांसाठी वेगळे बांधून कमी भावात द्यावेत. ते पडून राहिले तर आपलाच पैसा अडकतो. आणि मोजताना कापड गजावर ताणून धरू नये. मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात इशारा आहे आणि ८३ वी सूरह अल-मुतफ्फिफीन त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ताणून मोजलेले कापड घरी गेल्यावर तेवढेच कमी भरते, आणि ते त्या मुलाच्या बाहीत कमी पडते.

शेवटी वेळेचे सांगतो. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत दर्जी नवे काम घेत नाहीत आणि दुकानातही पारख करायला सवड मिळत नाही. ईदचे कापड शाबान महिन्यातच घ्यावे, भिजवून वाळवावे आणि निवांत बेतावे. यंदा घरी एक तरी कुर्ता किंवा फ्रॉक या हिशेबाने शिवून पाहावा आणि पुढच्या ईदला त्याची माया सोडवावी. इन्शाअल्लाह, त्यात बरकत दिसेल.