घड्याळातून घडलेली लेखणी

मुलांनो, जुन्या मनगटी घड्याळाचे मागचे झाकण उघडून तुम्ही कधी आत पाहिले आहे काय? रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पितळी दातेरी चक्रे, केसासारखी बारीक कमान आणि मोहरीहून लहान लाल माणके दाटीने बसविलेली असतात. ही माणके कृत्रिम असतात. चक्रांच्या आसांची टोके त्यांत फिरतात, म्हणून ती लवकर झिजत नाहीत. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूर येथे एच. एम. टी.चा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. तेथील ‘जनता’ घड्याळात अशी १७ माणके असत आणि ते तासाला १८,००० ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके देत असे! पुढे क्वार्ट्‌झ घड्याळे स्वस्त झाली, चावीची घड्याळे कपाटांत पडून राहिली आणि २०१६ साली सरकारने तो उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला.

अशा निकामी घड्याळांच्या सुट्या भागांपासून काही कारागीर सुंदर लेखण्या घडवितात. प्रथम सर्व भाग स्वच्छ धुतात. तेलाचा अंश राहिला, तर त्यांवर राळ धरत नाही. मग पितळेच्या पातळ नळीला काळा रंग देऊन चिमट्याने एकेक चक्र तिच्यावर चिकटवितात. चक्र सपाट आणि नळी गोल. तेव्हा चक्राला हलकेच बाक द्यावा लागतो. नंतर नळीची तोंडे बंद करून ती साच्यात ठेवतात व तीवर पारदर्शक कृत्रिम राळ ओततात. बुडबुडे दिसू नयेत म्हणून साचा दाबाच्या भांड्यात ठेवतात.

राळ घट्ट झाली, की तो ठोकळा लेथवर चढवितात. खरी कसोटी येथेच लागते. राळेचा थर जाड राहिला, तर लेखणी बोजड होते. हत्यार केसभर खोल गेले, तर चक्र उखडून येते आणि सारे श्रम वाया जातात. शेवटी पाणी लावून अधिकाधिक बारीक पॉलिश पेपरने घासले, म्हणजे राळ काचेसारखी चमकू लागते. आता निब बसविली, की लेखणी तयार!

मात्र प्रत्येक घड्याळ या कामी घेऊ नये. पूर्वी अंधारात चमकण्यासाठी काही तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग लावीत. अमेरिकेत तो रंग लावणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी अणकुचीदार करीत. १९२० नंतरच्या दशकात त्यांपैकी अनेक जणी भयंकर आजारी पडल्या व काही दगावल्या. रेडियमचा किरणोत्सर्ग निम्मा होण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतात. रंगाची चमक गेली, तरी विष जात नाही आणि तबकडी घासताना त्याची धूळ श्वासावाटे शरीरात शिरते. म्हणून जाणता कारागीर अशा तबकडीस हातही लावीत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. लेखणीच्या हौसेपायी चालू होण्याजोगे घड्याळ मोडणे हा उद्योग नव्हे, नासाडी आहे. ज्या घड्याळांची निर्मिती थांबली आहे, त्यांचे सुटे भाग मिळणे कठीण होत जाते. दुरुस्ती करणारा एका घड्याळाचे चक्र काढून दुसऱ्याला जीवदान देतो. यास्तव लेखणी घडविणाऱ्याने आधी घड्याळजीकडे जावे आणि त्याने बाजूला टाकलेली, दाते तुटलेली व गंजलेली चक्रे तेवढी मागून आणावीत. राळेत बसल्यावर तुटका दाता सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही.