घरगल्लीच्या शेजारी राहताना

आमचं बिऱ्हाड गिरगावात, तळमजल्यावर. स्वयंपाकघराची खिडकी घरगल्लीत उघडते. तिथे वरच्या मजल्यांचे पाइप उतरतात आणि वरच्या मजल्यांचा कचराही. अशा घरात उंदीर येणार का, हे कुणी विचारतच नाही. कुठला येणार, एवढंच बघायचं.

१. आधी पाहुणा ओळखा. तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या पिटुकल्या उंदराच्या, अर्ध्या इंचाच्या आसपासच्या मोठ्याच्या, आणि मोरीबाहेर माती उकरलेली दिसली की घूस. भिंतीकडेने चिकचिक करत जाणारी, वास मागे ठेवणारी चिचुंद्री उंदराच्या कुळातलीच नव्हे. ती झुरळं-किडे खाते. सापडली तरी मी तिला सोडून देते. सासूबाई तिला लक्ष्मी मानतात, मला तिची झुरळांवरची धाड आवडते.

२. पिटुकला भोचक असतो. नवी वस्तू दिसली की हुंगायला येतो आणि बहुधा पहिल्याच रात्री सापडतो. मोठा उंदीर संशयी. अनोळखी वस्तूला तो कित्येक दिवस वळसा घालतो. म्हणून पिंजरा आणला की लगेच लावायचा नाही. दार दोऱ्याने वर बांधून, आत खाऊ ठेवून चार-पाच दिवस तसाच राहू द्यायचा. खाऊ दोन रात्री संपला की मग दोरा सोडायचा. ‘त्याच्यासमोर पिंजऱ्याचं बोलू नका, त्याला कळतं,’ असं घरोघरी कुजबुजतात. कळत काही नाही, त्याला घाई नसते इतकंच.

३. उंदीर मोकळ्या जागेतून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. रोजच्या वाटेवर भिंतीला काळपट, तेलकट पट्टा उमटतो. पिंजरा तिथे, भिंतीला लागून. चाप असेल तर भिंतीशी काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे.

४. आमिष थोडंच हवं, पण घट्ट. भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा आकड्याला दोऱ्याने बांधावा. ओढाताण केल्याशिवाय दार पडत नाही. सुका बोंबीलही चालतो, आमच्याकडे तर भज्यांनीही काम केलं आहे. मात्र ओट्यावर खरकटं आणि कचऱ्याचा डबा उघडा असेल, तर पिंजऱ्यातलं खोबरं कोण विचारतो?

५. चिकट पॅड आणत नाही. जिवंत चिकटलेला उंदीर रात्रभर ओरडतो. मारायचाच असेल तर चाप बरा.

६. विषाच्या वड्यांपैकी बऱ्याच रक्त गोठू न देणाऱ्या असतात. उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि कुठे ते तो ठरवतो. माळ्यावरच्या ट्रंकांमागचा वास ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर उंबऱ्याच्या आत येऊच देऊ नये. पोटात गेली तर यकृत निकामी होऊ शकतं आणि तिच्यावर खास उतारा नाही. लहान मूल असलेल्या घरात तर नाहीच.

७. सगळ्यात जास्त उपयोग गवंड्याचा झाला. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून पिटुकला आत येतो, आणि मादी सुमारे तीन आठवड्यांत पाच-सहा पिल्लं देते. पाइपभोवतीच्या फटी सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालून बुजवल्या, मोरीला जाळी, दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे लाकडाचा ठोकळा किंवा थर्माकोल खुपसून उपयोग नाही.

८. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवाव्यात. पिंजरा हातमोजे घालून साबणाने धुवावा. उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो आणि पावसाळ्यात घरगल्ली तुंबतेच.

९. गणपतीत आमच्याकडे पिंजरा माळ्यावर जातो. सासूबाईंपुढे कुणाचं चालत नाही, आणि उंदीरही त्या दिवसांत मोदकांवरच लक्ष ठेवून असतात. उरलेलं वर्ष पकडलेल्याचं काय करायचं, यावर मजल्यामजल्यावर वेगळं मत आहे. पहिल्या मजल्यावरचे काका पिंजरा घेऊन पलीकडच्या बागेत जातात आणि दार उघडतात. त्या बागेची मागची भिंत आमच्याच घरगल्लीला लागून आहे, हे त्यांना सांगून झालंय.