सातव्या आठवड्यातली कळ

प्रश्न : ७वा आठवडा चालू आहे. ओटीपोटात मधूनच कळ येते. सोनोग्राफीत गर्भाशयात ठोके दिसले, तरी काळजीने झोप लागत नाही.

उत्तर : गर्भ जागेवर आहे, म्हणजे मोठी शंका मिटली. गर्भाशय वाढताना ताण पडतो; प्रोजेस्टेरॉनमुळे आतडी मंदावून गॅसही धरतो. पुष्कळदा नेमकं कारण आम्हालाही सापडत नाही. कळ कधी आली, किती टिकली, वहीत लिहा. रात्री मोबाइलवर लक्षणं शोधणं मात्र बंद. (शेजारणींचे अनुभवही सकाळीच ऐका.) मनाने आयबुप्रोफेन घेऊ नका. रक्तस्राव, एका बाजूची वाढती कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, ताप किंवा लघवीला जळजळ झाली तर लगेच दवाखाना गाठा. भोवळ आली तर १०८. झोप उडतच राहिली, तर तेही डॉक्टरांना सांगा.