सव्वीस जानेवारीच्या पुरवणीआधी

पोलादपूर,
६ जानेवारी

चि. अमेय,

महाड-पोलादपूरचं वार्ताहरपद तुला मिळाल्याचं वहिनीनं फोनवर सांगितलं. आज पत्रकारदिन, शाल-श्रीफळ घेऊन आत्ताच आलोय. तेव्हा लिहूनच टाकतो.

आमच्या वेळी तालुक्याचा वार्ताहर म्हणजे कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी पेपरचा एजंट. मानधन छापून आलेल्या मजकुरावर, तेही मिळेल तेव्हा. कार्बन घालून बातमी लिहायची, एक प्रत घरी, दुसरी पाकिटात, आणि स्टँडवर मुंबईच्या गाडीचा कंडक्टर गाठायचा. कशेडीत दरड आली की गाडीच नाही. नेमकी दरडीचीच बातमी अडकायची! मग पोस्टात तार, नाहीतर ट्रंक कॉल. त्या खरखरीत एकेक नाव ओरडून सांगावं लागे, म्हणून ते आधीच दोनदा विचारून घ्यायची सवय लागली. ती तूही लाव. २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते, २०२१ मध्ये तळिये इथं दरडी कोसळल्या. अशा वेळी मृतांचा आकडा व्हॉट्सअॅपवर आधी येतो. तू तलाठ्याची यादी बघ आणि गावातल्या माणसाकडून ती ताडून घे.

खरी गोची मात्र जाहिरातींची. वर्धापनदिन, पंधरा ऑगस्ट, दिवाळी. या पुरवण्यांच्या जाहिराती वार्ताहरानंच आणायच्या, कमिशनवर. ज्या सरपंचाच्या उखडलेल्या रस्त्याची बातमी काल दिली, त्याच्याच दारात आज शुभेच्छांसाठी उभं राहायचं. चहा मिळतो, पण पुढची बातमी गुळमुळीत होते. एका पेपरला मी हे जमणार नाही म्हटलं, तर माझ्या बातम्या आतल्या पानाच्या तळाशी चार ओळींत जाऊ लागल्या. शाळेचा पगार होता म्हणून निभावलं.

पोट वेगळ्या कामावर असलं की काय होतं, ते बघ. महाडच्या सत्याग्रहानंतर लगेचच, ३ एप्रिल १९२७ ला, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ हे वृत्तपत्र काढलं. चोवीस-चोवीस रकाने एकट्यानं लिहीत. पैशाअभावी १९२९ मध्ये ते बंद पडलं, पण त्यांचं पोट वकिलीवर आणि शिकवण्यावर होतं, त्यामुळे लिहिताना कुणाची भीड धरावी लागली नाही. म्हणून सांगतो, दादाचं झेरॉक्सचं दुकान सोडू नकोस.

जाहिरात घ्यावीच लागली तर पेपरच्या नावानं चेक घे, रोख हातात धरू नकोस. आणि त्याच माणसाची बातमी हातात असेल, तर ती आधी पाठव, जाहिरातीचं नंतर बघ. सव्वीस जानेवारीच्या पुरवणीचं टार्गेट येत्या आठवड्यात येईलच. काय उत्तर द्यायचं ते आत्ताच ठरव.

तुझा,
काका